वृद्धाश्रमातील बद्धकोष्ठता: औषध जास्त, वेळ कमी

वृद्धाश्रमात सकाळच्या पाळीची मावशी प्रत्येक खाटेपाशी थांबते आणि विचारते, ‘आजी, संडास झाली का?’ उत्तर ‘नाही’ आले की वहीत फुली पडते. दुसऱ्या दिवशीही फुली पडली तर रात्रीच्या गोळ्यांत एक गोळी वाढते किंवा दोन चमचे पांढरे औषध दिले जाते. तिसऱ्या दिवशी एनिमाचे सामान बाहेर निघते. ज्या संस्थेत निदान अशी वही ठेवली जाते, ती इतरांपेक्षा बरीच म्हणायला हवी. तरीही या सगळ्या क्रमात एक प्रश्न राहून जातो: का झाली नाही?

आपल्याकडे ‘नर्सिंग होम’ म्हटले की प्रसूती किंवा छोट्या शस्त्रक्रियांचे खासगी रुग्णालय डोळ्यांसमोर येते. युरोप-अमेरिकेत या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. स्वतःचे स्वतः करता न येणाऱ्या वृद्धांनी कायमचे राहण्याची, परिचारिका असलेली जागा म्हणजे तिकडचे नर्सिंग होम. तिथल्या पाहण्यांमध्ये निम्मे किंवा त्याहूनही अधिक रहिवासी नियमित रेचक घेताना आढळतात. घरी राहणाऱ्या त्याच वयाच्या लोकांत हे प्रमाण बरेच कमी असते. म्हणजे सगळा दोष वयाच्या माथी मारता येत नाही. राहण्याच्या जागेचाही त्यात वाटा असतो. हा मुद्दा आता आपल्यालाही लागू होऊ लागला आहे. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीच्या २०२३ च्या अहवालानुसार भारतात साठीपुढच्यांची संख्या सुमारे १५ कोटींच्या घरात आहे आणि २०५० पर्यंत दर पाच भारतीयांत एक साठीपुढचा असेल. महाराष्ट्रातील वृद्धांचे प्रमाण २०११ च्या जनगणनेतच देशाच्या सरासरीपेक्षा अधिक होते. अंथरुणाला खिळलेल्या, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणारी खासगी केंद्रे पुणे, नाशिक, ठाण्यासारख्या शहरांत दिसू लागली आहेत, पण त्यांचा दिनक्रम बहुधा धडधाकट आजी-आजोबांच्या जुन्या वृद्धाश्रमाचाच असतो.

मुळात बद्धकोष्ठता कशाला म्हणायचे, यावरूनच घोळ आहे. रोज सकाळी पोट साफ झालेच पाहिजे, ही आपल्याकडची पक्की समजूत. लंडनमध्ये १९६५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत दिवसातून तीन वेळा ते आठवड्यातून तीन वेळा एवढी मोठी मर्यादा निरोगी माणसांत आढळली होती आणि आजही वैद्यकशास्त्र तीच ढोबळमानाने वापरते. भारतीय आहारात रोज एकदा-दोनदा जाणे सर्रास असते हे खरे, पण एक दिवस चुकला म्हणजे आजार झाला असे होत नाही. उलट रोज जाणारे, पण अर्धा-अर्धा तास कुंथणारे, खडा पडला तरी ‘अजून आहे’ असे वाटत राहणारे आजोबा वहीत बरोबरची खूण मिळवतात आणि खरे तर त्यांनाच त्रास असतो. साचलेल्या मळाचे विष अंगात भिनते, ही समजूत एके काळी डॉक्टरांचीही होती. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लंडनचे नामवंत शल्यविशारद आर्बथनॉट लेन यांनी या समजुतीपायी अनेकांचे मोठे आतडेच काढून टाकले. शस्त्रक्रिया मागे पडली, समजूत मात्र अजून जाहिरातींत टिकून आहे.

म्हणून वहीत ‘झाली’ किंवा ‘नाही’ एवढेच लिहून भागत नाही. ब्रिस्टलच्या लुईस आणि हीटन या डॉक्टरांनी १९९७ मध्ये मळाच्या स्वरूपाचा सात प्रकारांचा तक्ता रूढ केला. शेळीच्या लेंड्यांसारखे सुटे कडक खडे हा पहिला प्रकार, पाण्यासारखे पातळ हा सातवा. मधले तिसरा आणि चौथा चांगले. हा चित्रांचा तक्ता संडासाच्या दाराआड चिकटवला की फारसे न शिकलेली मावशीही बिनचूक आकडा लिहू शकते. याला खर्च जवळजवळ काही नाही.

आकडा न लिहिल्याने होणारी सर्वांत धोकादायक गफलत म्हणजे खोटे जुलाब. गुदाशयात मळाचा घट्ट गोळा अडकून बसतो, त्याच्यामागचा पातळ मळ कडेने वाट काढत गळू लागतो आणि डायपर दिवसातून पाच वेळा भरतो. वहीत नोंद होते ‘जुलाब’. मग रेचक बंद होते, जुलाब थांबवणारी गोळी सुरू होते आणि गोळा आणखी घट्ट होतो. अशा रुग्णाला पोटदुखी सांगता येत नाही, कारण बऱ्याचदा त्याला स्मृतिभ्रंश असतो. तो चिडचिड करतो, जेवण ढकलून देतो, रात्री ओरडतो, कपडे काढू लागतो. लघवी तुंबते. घरच्यांना कळवले जाते की बाबांचे ‘डोके फिरले’ आहे, आणि मग शांत करणारे औषध येते, जे बऱ्याचदा आतड्याला आणखी सुस्त करते. काही वेळा गोळ्याच्या दाबाने आतड्याच्या अस्तराला जखम होते, क्वचित आतडे फाटते आणि त्या वयात त्यातून माणूस वाचवणे फार अवघड जाते. हे सगळे टाळण्यासाठी लागते ते हातमोजा घालून केलेले एक मिनिटाचे गुदपरीक्षण. आठवड्यातून एकदा फेरी मारणाऱ्या डॉक्टरकडून तेच नेमके राहते. कधी पडदा नसतो, कधी वेळ नसतो, आणि खरे सांगायचे तर कधी इच्छा नसते.

आता ‘का’ या प्रश्नाकडे. म्हातारपणी आतडे थोडे मंदावते, पण निव्वळ वयामुळे ते बंद पडत नाही. वृद्धाश्रमातील रहिवाशाच्या बद्धकोष्ठतेचे कारण पुष्कळदा त्याच्या औषधांच्या फाइलमध्ये सापडते. समजा, ७८ वर्षांच्या एका आजींना रक्तदाबासाठी अॅम्लोडिपिन सुरू आहे. त्याने पाय सुजतात. सूज हृदयाची समजून लघवी वाढवणारी गोळी दिली जाते. आता लघवीला सारखे जावे लागते, कधी वाटेतच होते, म्हणून मूत्राशय शांत करणारी गोळी येते. तिने तोंड कोरडे पडते आणि पोट बांधले जाते. गुडघ्यांसाठी ट्रामाडॉल, हिमोग्लोबिनसाठी लोहाच्या गोळ्या, हाडांसाठी कॅल्शियम, झोपेसाठी अॅमिट्रिप्टिलिन: यांतली प्रत्येक गोळी मळ घट्ट करू शकते. या सगळ्यांवर शेवटी रेचक. एका औषधाचा दुष्परिणाम नवा आजार समजून त्यावर दुसरे औषध देण्याच्या या प्रकाराला पॉला रोशॉन आणि जेरी गुरविट्झ यांनी १९९७ मध्ये ‘प्रिस्क्रायबिंग कॅस्केड’ असे नाव दिले. पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारा हा औषधांचा धबधबा वरच्या पायरीवर अडवावा लागतो. वरच्या उदाहरणात रक्तदाबाची पहिली गोळी बदलली असती तर खालच्या दोन-तीन लागल्याच नसत्या.

वृद्धांसाठी कोणती औषधे टाळावीत याची ‘बीअर्स यादी’ आज जगभर वापरली जाते. अमेरिकेतील मार्क बीअर्स आणि सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये ती पहिल्यांदा तयार केली, तीच मुळी नर्सिंग होममधल्या रहिवाशांसाठी. पार्किन्सनसाठीचे ट्रायहेक्सिफेनिडिल, सर्दी-खाजेसाठी सर्रास दिले जाणारे क्लोरफेनिरामिन, जुन्या पद्धतीची झोपेची व नैराश्याची काही औषधे अशांची त्यात नावे आहेत. पार्किन्सनमध्ये तर बद्धकोष्ठता हा आजाराचाच भाग. कंप सुरू होण्याच्या कित्येक वर्षे आधीपासून ती असू शकते. त्यात ट्रायहेक्सिफेनिडिलची भर म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. थायरॉइड कमी असणे, रक्तातील कॅल्शियम वाढणे ही कारणेही साध्या रक्ततपासणीत कळतात. आणि शौचाची सवय अलीकडेच बदलली असेल, रक्त पडत असेल, वजन घटत असेल किंवा हिमोग्लोबिन उतरत असेल तर रेचकाने दिवस ढकलण्याऐवजी आतड्याच्या कर्करोगाची तपासणी करायला हवी.

फाइलनंतर पाहायचा तो संडास. चहा-नाश्त्याने जठर भरले की मोठ्या आतड्याला हलण्याचा इशारा मिळतो आणि पुढच्या अर्ध्या तासात कळ येते. ही वेळ दिवसातील सर्वांत मोलाची. वृद्धाश्रमात नेमके याच वेळी अंघोळी, अंथरुणे, पाळीबदल आणि डॉक्टरची फेरी हे सगळे एकदम असते. वीस जणांमागे दोन मावश्या असतील तर उठवून संडासला नेण्याची पाळी येईपर्यंत कळ जिरून जाते. दाबून ठेवलेली कळ पुन्हा पुन्हा येत नाही; काही दिवसांनी गुदाशय इशारा देणेच कमी करतो. डायपर बांधला की न्यायची गरजच संपते, आणि आडवे पडून, पोटाला जोर न लावता, लाज गिळून शौचाला करणे भल्याभल्यांना जमत नाही. त्यात दाराला कडी नसणे, धरायला दांडी नसणे, बाईला पुरुष मदतनीसाने बसवणे. आयुष्यभर परसाकडे जाण्याविषयी कुणाशी चकार शब्द न काढलेल्या आजी चार दिवस दाबून ठेवतील, पण हाक मारणार नाहीत. रात्री उठावे लागू नये म्हणून त्या संध्याकाळनंतर पाणीही पीत नाहीत, आणि खाटेवर काम करणाऱ्यांनाही ते सोयीचेच असते.

गुडघ्यांमुळे उकिडवे बसणे गेले आणि कमोड आला. उकिडवे बसल्यावर गुदाशयाचा कोन सरळ होतो व मळ सहज बाहेर पडतो. उंच कमोडवर, पाय लोंबकळत असताना, तसे होत नाही. पायांखाली वीतभर उंचीचे पक्के, न घसरणारे स्टूल ठेवून गुडघे कमरेच्या वर येतील इतके केले आणि थोडे पुढे झुकवून बसवले तरी बराच फरक पडतो. मात्र तोल जाणाऱ्याला एकटे बसवून जायचे नाही. नाश्त्यानंतर ठरलेल्या वेळी नेऊन बसवणे, थोडी हालचाल करून घेणे, दिवसातून अनेकदा पाणी व खाणे पुढे करणे असा कार्यक्रम अमेरिकेतील नर्सिंग होममध्ये नियंत्रित चाचणीत तपासला गेला. त्याचे निष्कर्ष २०१० मध्ये आले: शौचाची वारंवारता वाढली आणि डायपरऐवजी संडासात होण्याचे प्रमाणही वाढले. अडचण एकच होती. याला माणसे लागतात. गोळी स्वस्त, माणूस महाग. रेचकांचा खप वाढण्यामागचे अर्थकारण एवढे सोपे आहे.

खाण्याचे मात्र जरा जपून. कवळी बसत नाही म्हणून भाकरी, कोशिंबीर, शेंगभाजी गेली आणि खिमट, पेज, मऊ भात, चहा-बिस्किट उरले, हे खरे. शिजवून मऊ केलेल्या भाज्या, सालीसकट डाळी, पपई, भिजवलेल्या मनुका, दलियाची लापशी यांनी पुष्कळ भरून निघते. पण अंथरुणाला खिळलेल्या, पाणी कमी पिणाऱ्या माणसाला इसबगोलाचा मारा करणे घातक ठरू शकते. गुजरात-राजस्थानात पिकणारा आणि जगभर जाणारा हा भुसा पाण्यात फुगतो, त्याचे काम त्या फुगण्यावरच चालते. पुरेसे पाणी नसेल तर तो आतड्यात लगदा होऊन बसतो. गिळताना त्रास होणाऱ्याच्या अन्ननलिकेतही अडकू शकतो. चालत्याफिरत्या आजोबांना तो वरदान आहे, खाटेवरच्या आजींना नाही. भरपूर पाणी प्या हा सल्लाही सरसकट देता येत नाही. पाणी कमी पडलेल्याला त्याचा उपयोग होतो, बाकीच्यांना फार नाही. आणि हृदय किंवा मूत्रपिंड निकामी होत असलेल्याला पाण्याचे माप डॉक्टरांनीच ठरवलेले असते.

एवढे करूनही बऱ्याच जणांना रेचक लागतेच, आणि ते देण्यात काही गैर नाही. ‘सवय लागते’, ‘आतडे कायमचे आळशी होते’ ही भीती योग्य मात्रेत दिलेल्या आजच्या रेचकांबाबत पुराव्याने सिद्ध झालेली नाही. ट्रामाडॉल किंवा मॉर्फिन सुरू असलेल्या रुग्णाला तर पहिल्या दिवसापासून रेचक द्यायला हवे. प्रश्न कोणते द्यायचे हा आहे. पाणी आतड्यात धरून ठेवणारी पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर आणि लॅक्टुलोजचे सरबत ही दोन वृद्धांत तुलनेने सुरक्षित. २०१० च्या कॉक्रेन आढाव्यात पहिले दुसऱ्यापेक्षा सरस ठरले; लॅक्टुलोजने गॅस व पोटफुगी अधिक होते. दोन्हींचा परिणाम दिसायला एक-दोन दिवस लागतात आणि ती रोज घ्यायची असतात. तीन दिवस वाट पाहून मग घाईने द्यायची ही औषधे नव्हेत. मळ मऊ करणारे म्हणून दिले जाणारे डॉक्युसेट मात्र या कामी फारसे उपयोगी असल्याचा पुरावा नाही.

पांढऱ्या औषधाविषयी सावध राहायला हवे. त्यात मॅग्नेशियम असते, अनेकदा जोडीला लिक्विड पॅराफिन. मूत्रपिंडे थकलेली असतील तर मॅग्नेशियम बाहेर पडत नाही, रक्तात साचते. माणूस सुस्त होतो, रक्तदाब उतरतो, नाडी मंदावते, आणि वृद्धाश्रमात त्याची नोंद ‘वयामुळे थकवा’ अशी होते. जपानमध्ये मॅग्नेशियम ऑक्साइड घराघरांत वापरले जाते. तिथल्या आरोग्य मंत्रालयाला २००८ मध्ये याबाबत इशारा द्यावा लागला. पॅराफिनचा धोका निराळा आहे. गिळण्यावर ताबा नसलेल्या, आडवे पडून औषध घेणाऱ्या रुग्णाच्या फुप्फुसात ते तेल उतरते आणि न्यूमोनिया होतो. बीअर्स यादीत तोंडाने घ्यायचे हे तेल टाळावे असेच म्हटले आहे. तयार बाटलीतील एनिमात बहुधा सोडियम फॉस्फेट असते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०१४ मध्ये बजावले की या औषधाच्या २४ तासांत एकाहून अधिक मात्रांमुळे मूत्रपिंड व हृदयाला गंभीर इजा आणि मृत्यूही झाले आहेत. पंचावन्नच्या पुढच्यांना धोका अधिक. सकाळी एनिमा ‘लागला नाही’ म्हणून संध्याकाळी दुसरा देण्याची पद्धत म्हणूनच थांबायला हवी.

सोनामुखी किंवा बिसाकोडिल यांसारखी आतड्याला हलवणारी औषधे गरजेला चांगली. त्यांचा परिणाम साधारण ६ ते १२ तासांनी होतो. इथे घड्याळ मोजायला हवे. रात्री नऊला गोळी दिली की पहाटे चार-पाचला कळ येऊ शकते. त्या वेळी दिवे बंद, मदतनीस एकच आणि तोही डुलक्या घेत असलेला. आजी एकट्याच उठतात, ओल्या फरशीवर घसरतात आणि खुब्याचे हाड मोडते. सरकारी रुग्णालयांच्या अस्थिविभागात पहाटे पडून आलेल्या वृद्धांच्या नोंदीत ‘बाथरूमला जाताना पडल्या’ एवढेच लिहिलेले असते, रात्रीच्या गोळीचा उल्लेख क्वचितच असतो. चालणाऱ्या रहिवाशाला नाश्त्यानंतर बिसाकोडिलची गुदवर्ती दिली तर तासाभरात, दिवसाउजेडी, माणसे हाताशी असताना काम होते.

नियमांच्या बाजूने चित्र फिके आहे. आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थ आणि कल्याणासाठीच्या २००७ च्या केंद्रीय कायद्यात प्रत्येक जिल्ह्यात निराधारांसाठी किमान १५० जणांचा वृद्धाश्रम उभारण्याची तरतूद आहे, तीही ‘राज्य शासन उभारू शकेल’ अशा भाषेत. खासगी निवासांची नोंदणी आणि किमान दर्जा ठरवू पाहणारे दुरुस्ती विधेयक डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, पण ते कायद्यात उतरले नाही. अमेरिकेत १९८७ च्या कायद्यानंतर प्रत्येक नर्सिंग होमला रहिवाशाचे ठरावीक नमुन्यात मूल्यमापन करावे लागते आणि त्यात शौचावरील नियंत्रणाचीही नोंद असते. आपल्याकडे तपासणीला आलेला अधिकारी खोल्या, स्वयंपाकघर आणि हिशेब पाहतो. किती जणांमागे किती मदतनीस, संडासाला दांडी आहे का, औषधांची फाइल शेवटची कोणी व केव्हा तपासली, हे विचारायला त्याच्या हाती तसा नमुना नसतो.

तोवर हे विचारायचे काम नातेवाइकांकडे येते. दर महिन्याला भेटायला जाताना बहुतेक जण फळे, बिस्किटे आणि एखादा चूर्णाचा डबा नेतात. बाजारातील पोट साफ करणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. संस्थेतील गोळीतही बऱ्याचदा तीच. चूर्ण ‘आयुर्वेदिक आहे, अपाय नाही’ म्हणून उशाखाली जाते, फाइलमध्ये चढत नाही आणि मग दुप्पट मात्रेने जुलाब, पोटॅशियमची घट, हातापायांतील त्राण जाणे. डबा न्यायचाच असेल तर तो उशाशी न ठेवता परिचारिकेच्या हातात द्यावा, आणि त्याच वेळी तिच्याकडून औषधांची पूर्ण यादी मागून घेऊन ती पुढच्या डॉक्टरभेटीला दाखवावी. यादीत दहाच्या वर नावे असतील, तर कोणती गोळी बंद करता येईल हे त्या भेटीतच विचारावे.